भात्यातले सूर, तारेचे काटे

परवा सोसायटीच्या मीटिंगमध्ये कंपाउंडच्या भिंतीवर ‘कन्सर्टिना’ लावायचं ठरलं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, ते तर वाजवायचं असतं ना? आमच्या शेजारचे एक काका वाजवायचे. भिंतीवर कशाला?"

मला हसू आलं. पण शब्दकोश उघडला आणि कळलं, बरोबर त्याच होत्या.

कन्सर्टिना म्हणजे मुळात हातात मावणारं वाद्य. दोन्ही बाजूंना बटणं, मध्ये भाता. हात जवळ-लांब करायचे, की सूर निघतात. आपल्या पेटीची धाकटी बहीणच म्हणा ना! एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टन यांनी ते घडवलं. हो, फिजिक्समधल्या ‘व्हीटस्टन ब्रिज’वाले तेच. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात तर घरोघरी बायका ते वाजवायच्या. तिथल्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५-१९६०) यांचं वादन १९५०च्या दशकात रेडिओमुळे देशभर पोचलं.

पुढे त्या भात्यासारखं जे जे मिटतं-उघडतं, त्याला हेच नाव चिकटलं. लाइटबिलं ठेवायची कप्प्यांची फाईल, घडीघडीचं माहितीपत्रक, सगळे कन्सर्टिना. अपघातात रेल्वेचे डबे चेपून एकमेकांत घुसले, तरी इंग्रजीत हाच शब्द. आपल्याला मात्र साडी नेसताना रोज हीच घडी घालावी लागते. आपण तिला निऱ्या म्हणतो!

आणि ती तार? तिचं वेटोळं नेताना मिटतं, लावताना ताणलं की लांबच लांब पसरतं, म्हणून तीही कन्सर्टिना. पहिल्या महायुद्धात ती खंदकांपुढे पसरलेली असे. आता सीमेवर, तुरुंगावर असते. आणि आता आमच्या भिंतीवर येणार.

तिचे काटे म्हणजे ब्लेडसारखी पातीच. आमची मैदानाकडची भिंत बुटकी. पलीकडच्या वस्तीतली पोरं बॉल घ्यायला त्यावरूनच चढतात. चोरासाठी लावलेली तार आधी कुणाचा हात कापेल, हे सांगायला नकोच. मैदानाच्या बाजूला तार नको, असं मी कमिटीला लेखी दिलंय. रविवारी पुन्हा मीटिंग आहे.

सासूबाईंनी त्यांचीही सूचना पाठवलीय. "एवढा खर्च करताच आहात, तर वाजणारा कन्सर्टिना आणा आणि वॉचमनला शिकवा. निदान रात्री जागा तरी राहील!"