लाल रेघ म्हणजे चूक नव्हे

मराठी विकिपीडियावर लिहायला बसलेला नवा संपादक शब्दाखालची लाल नागमोडी रेघ पाहून बिचकतो. आपलंच शुद्धलेखन कच्चं, असं समजून तो सुचवलेला पहिला शब्द निवडतो आणि बरोबर शब्द बिघडवून बसतो. रेघेचा अर्थ एवढाच, की ब्राउझरच्या चालू शब्दकोशात हा शब्द सापडला नाही.

तो कोश मराठीचा असेलच असं नाही. देवनागरी दिसली की ब्राउझर मराठी ओळखतो, हा समज चुकीचा आहे; हिंदी, नेपाळी, कोकणीही याच लिपीत लिहितात. हिंदी कोश चालू असला की 'कवी' लाल होतो आणि 'कवि' बिनबोभाट सुटतो. दोन्ही कोश एकदम लावले तरी 'कवि' सुटतोच. म्हणून लेखनाच्या चौकटीची भाषा संकेतस्थळानेच एचटीएमएलच्या 'लँग' खुणेतून सांगायला हवी. फायरफॉक्स कोश निवडताना ती खूण बघतो.

भरपूर शब्द कोंबले की कोश सुधारतो, हेही खरं नाही. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांतही शुद्धलेखन तपासणारं हंस्पेल वापरलेलं आहे. ते मुळात हंगेरियनसाठी घडलं, तीही आपल्यासारखीच प्रत्ययांची भाषा. त्यात मूळ शब्दांची यादी एका फाइलीत आणि प्रत्ययांचे नियम दुसरीत असतात. घर, घराला, घरासमोरच्यांनाही अशी रूपं एकेक करून कुठवर लिहिणार? पण 'पाणी'चं 'पाण्याला' होतं आणि 'हत्ती'चं 'हत्तीला'च राहतं. कोणता शब्द कोणत्या वाटेने जातो, हे भाषा जाणणाऱ्या माणसालाच नोंदवावं लागतं. माझ्या मते खरी उणीव या कष्टाची आहे, तंत्राची नाही.

'दुसऱ्या'ची गंमत आणखी वेगळी. त्यातला 'ऱ्या' कुणी 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून टंकतं, तर कुणी साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र वेगळे. 'हे आणि ते एकच' असं हंस्पेलच्या नियमफाइलीत लिहून हा घोळ मिटवता येतो.

तपासणीसाठी आपला मजकूर कुठे जातो, ही शंकाही रास्त आहे. क्रोमची साधी तपासणी संगणकातच होते; 'वर्धित' तपासणी निवडली तर टंकलेलं गूगलकडे जातं.

आणि 'शब्दकोशात जोडा' दाबल्याने तो शब्द सहसंपादकांपर्यंत पोहोचत नाही. गावांची नावं, आडनावं, बोलीतले शब्द ज्याच्या त्याच्या संगणकात अडकून राहतात. फायरफॉक्स ते एका साध्या मजकुरी फाइलीत साठवतो, दर ओळीला एक शब्द. ती फाइल उघडून, चाळून, मराठी कोश सांभाळणाऱ्यांकडे पाठवता येते.