खेळ संघाचा, नजर फोटोवाल्याची



मागच्या हंगामात उसाची पहिली उचल खात्यावर जमा झाली आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरात वाद पेटला. धाकटे चिरंजीव म्हणाले, "बाबा, मले कॅमेरा घ्यायचा हाय. कबड्डीच्या संघासंगं फोटोग्राफर म्हणून जातो." मी म्हटले, "लेका, लग्नाचे फोटो काढ, मले समजते. पोट्टे कबड्डी खेळतीन अन् तू त्यांचे फोटो काढशीन, त्याच्यानं पोट भरते काय?" पोरगा गप्प बसला, पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. म्हणून चार जाणत्यांना विचारले आणि त्याच्याबरोबर दोन स्पर्धा पाहून आलो. जे कळले ते इथे मांडतो, कारण हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही ओसरीवर येणार आहे.

खेळाचे वेड आपल्या जिल्ह्याला नवे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचे. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या देशी व्यायामाची आणि खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आज क्रिकेटमध्ये विदर्भाच्या संघाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ अशी तीनदा रणजी स्पर्धा जिंकली आहे. २००८ साली आयपीएल आणि २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हापासून संघ स्वतःचा फोटोवाला बाळगू लागले. म्हणजे धंदा आहे, हे खरे.

आता काम कसे असते ते पाहा. वर्तमानपत्राचा फोटोवाला सामन्याची बातमी टिपतो. संघाच्या फोटोवाल्याला सामन्याच्या आधीचा सराव, बसमधला प्रवास, गुडघ्याला पट्टी बांधणारा खेळाडू, जर्सीवर ज्याचे नाव छापले त्या पुरस्कर्त्याचा फलक, हे सगळे घ्यावे लागते. कबड्डीची चढाई फक्त ३० सेकंदांची. त्यात पकड होते ती डोळ्याचे पाते लवते तेवढ्यात. हात-पाय स्पष्ट यायचे तर सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो उडावा लागतो. सभागृहातला उजेड कमी, आणि खेळाडूंचे डोळे दिपतात म्हणून फ्लॅश चालत नाही. मग भारी लेन्स लागते. मोठ्या मैदानासाठी जी लांब पल्ल्याची लेन्स वापरतात तिची किंमत काही लाखांत जाते. ऐकून मी खुर्चीवरच बसलो!

पूर्वी एका रिळात ३६ फोटो निघत. रीळ धुवायचे, वाळवायचे, छापायचे, तेव्हा कुठे कळे काय आले ते. आता शेकडो निघतात, पण त्यातले दहा निवडणे, प्रत्येकाखाली खेळाडूचे नाव बिनचूक लिहिणे आणि सामना चालू असतानाच पाठवणे, हे त्याच माणसाने करायचे. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की उतारा घटतो, हे आपल्याला शिकवायला नको. फोटोचेही तसेच. दुसऱ्या दिवशी पाठवलेल्या फोटोला कोणी विचारत नाही.

मग एवढी धडपड कशासाठी? त्याचे उत्तर मला १९८३ च्या विश्वचषकात सापडले. १८ जूनला टनब्रिज वेल्सच्या मैदानावर झिंबाब्वेविरुद्ध आपले ५ गडी १७ धावांत बाद झाले होते. कपिल देव उभा राहिला आणि नाबाद १७५ धावा करून गेला. आपण ३१ धावांनी जिंकलो आणि आठवड्याने विश्वचषक घरी आणला. पण त्या दिवशी बीबीसीचे कॅमेरे त्या मैदानावर नव्हते. एवढ्या मोठ्या खेळीचे चित्रीकरण नाही. डोळ्याने पाहायला उरले ते मैदानाच्या कडेला बसलेल्या फोटोवाल्यांनी टिपलेले थोडे फोटो. ते नसते तर आपल्या नातवंडांना नुसता धावफलक दाखवावा लागला असता.

आता हिशेबाची बाजू. पहिल्याच स्पर्धेला पोराने तोंडी बोलीवर काम केले. काम झाल्यावर "पाहू, देऊ" म्हणून त्याला वाटेला लावले. वजनकाट्याची पावती घेतल्याशिवाय आपण गाडी हलवतो का? मग इथे कागद का नको? सामन्यामागे किती, प्रवास व मुक्कामाचा खर्च कोणाचा, पैसे केव्हा, फोटोखाली नाव कोणाचे, हे आधी लिहून घ्यावे. आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी पैसे देऊन फोटो काढून घेतला तर वेगळा करार नसल्यास त्यावर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा. नोकरीत काढलेला असेल तर बहुतेक वेळा मालकाचा. म्हणून फोटो पुढे आपल्याला वापरायचे असतील तर तेही कागदावर यावे.

दुसऱ्या स्पर्धेला मी प्रेक्षकांत बसलो होतो. आमचा संघ एका गुणाने हरला. सगळे फोटोवाले जिंकलेल्यांकडे धावले. आमचा कप्तान चटईच्या कोपऱ्यात जर्सीत तोंड खुपसून बसला होता. पोराने लांबून, पाठीमागून एकच फोटो घेतला आणि कॅमेरा खाली केला. रात्री जेवताना तो फोटो आधी कप्तानाला दाखवला अन् विचारले, "पाठवू का?" कप्तान बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "पाठव. पुढल्या वर्षी कामी येईन." मी ताटावरून मान वर केली नाही, पण त्या क्षणी पोराच्या धंद्याबद्दल माझे मत बदलले. संघ ज्याला आपल्या पडत्या वेळी जवळ बसू देतो, तो नुसता बटण दाबणारा नव्हे.

असो. शेवटी तोड अशी निघाली. जुना पण चांगल्या हालतीतला कॅमेरा आणि एक लेन्स घेतली. निम्मे पैसे उचलीतून मी दिले, निम्मे तो लग्नाच्या कामातून फेडतो आहे. तीन वर्षांची मुदत दिली आहे. जमा-खर्चाची वही दर महिन्याला मला दाखवायची, ही अट. खोटे कशाला सांगू, आजवर वहीत लग्नेच जास्त आहेत. पण पुढच्या हंगामासाठी त्याच संघाने त्याला बोलावले आहे आणि या वेळी सहीशिक्क्याचा कागद आला आहे.

तेव्हा आपल्या मुलाने कॅमेरा मागितला तर एकदम झिडकारू नका आणि एकदम उचलही त्याच्या हातावर ठेवू नका. आधी त्याच्याबरोबर एक सामना पाहून या. आणि मैदानाच्या कडेला एखादा पोरगा पालथा पडलेला दिसला तर झोपला आहे असे समजू नका. तो कामावर आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद, दर्यापूर