शिक्का 925 चा, पण चांदी किती?

रमजान जवळ आला की आमच्या पारोळ्यात घरोघरी जकातीचा हिशेब सुरू होतो. कपाटातल्या डब्या उघडतात, पायल, हसली, मुलांचे वाळे, छल्ले बाहेर येतात. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या खाला दुपट्ट्यात गुंडाळलेला एक सेट घेऊन आल्या. "मॅडम, तुम्ही सायन्स शिकवता ना, बघा जरा. सराफ म्हणतो याच्यात चांदीच नाही."

सेट दिसायला सुंदर होता. मोबाईलवर बघून मागवलेला, 'डिझायनर सिल्व्हर' म्हणून. मखमली डबी, सोबत इंग्रजीत छापलेलं कार्ड, मागच्या बाजूला बारीक अक्षरात 925. सराफाने कडेला कानस फिरवली होती आणि तिथे तांबूस-पिवळा धातू उघडा पडला होता. दुःख पैशाचं होतंच, पण त्याहून मोठी गोष्ट अशी की हा सेट सुनेच्या निकाहनाम्यात मेहर म्हणून लिहिलेला होता.

आधी 925 म्हणजे काय ते समजून घेऊ. हजार भागांत 925 भाग चांदी आणि बाकी बहुतेक तांबं. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून दागिन्यात एवढी मिसळ लागतेच, त्यात फसवणूक नाही. पण 925 हा आकडा ठोकायला एक छोटा पंच पुरतो आणि तो कुणीही ठोकू शकतं. जर्मन सिल्व्हर नावाच्या धातूत चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त मिळून तो बनतो. त्यावर चांदीचं पाणी चढवलं की नवा असताना नजरेला फरक कळत नाही. निकेलमुळे कुणाकुणाच्या कानाला, मानेला खाज सुटते, पुरळ येते, ती निराळीच डोकेदुखी.

गिलट किंवा ऑक्सिडाइज्ड दागिने विकणं गुन्हा नाही. आमच्या शाळेतल्या मुली ईदला हौसेने घालतात. गिलट चांदीच्या भावात आणि चांदीच्या नावाने विकलं, की मग ती चोरी.

मोठ्या ब्रँडचं नाव असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. अमेरिकेतल्या टिफनी कंपनीने 2004 मध्ये ईबे या वेबसाइटवरून आपल्याच नावाचे चांदीचे दागिने विकत घेऊन तपासले, तर सुमारे 73 टक्के नकली निघाले. कंपनी कोर्टात गेली आणि 2010 मध्ये अपिलातही हरली. नकली माल शोधण्याची मुख्य जबाबदारी वेबसाइटची नाही, ब्रँडच्या मालकाची, असं कोर्टाने धरलं. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर मोबाईलवर बोट ठेवून खरेदी करणाऱ्या आपण काय करायचं?

आपल्याकडे त्याला एक उपाय आहे, तो म्हणजे बीआयएसचा हॉलमार्क. नुसता 925 म्हणजे हॉलमार्क नव्हे. बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह आणि 'सिल्व्हर' हा शब्द, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक, असं तिन्ही हवं. चांदीसाठी हा क्रमांक 1 सप्टेंबर 2025 पासून आला. मोबाईलमध्ये 'बीआयएस केअर' ॲप घ्या, त्यात हा क्रमांक टाका. दागिना कोणता, शुद्धता किती, कोणत्या केंद्रात तपासला, हे समोर येतं. क्रमांक अंगठीचा आणि हातात पायल असेल तर काय समजायचं ते समजाच! शिवाय हॉलमार्कपेक्षा शुद्धता कमी निघाली तर नियमाप्रमाणे कमी पडलेल्या चांदीच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो.

पण चांदीला हॉलमार्क अजून सक्तीचा नाही. म्हणून बिनहॉलमार्कचा माल विकणारा प्रत्येक सराफ लबाड ठरत नाही. कोल्हापूरकडच्या हुपरीची पायल असो की खामगावची भांडी, आपल्या घरातली जुनी चांदी बहुतेक बिनशिक्क्याचीच आहे. तिथे एकच विचारायचं: टंच किती? साठ टंच म्हणजे शंभरात साठ भाग चांदी. साठ टंच घेण्यात वाईट काही नाही, भाव साठचा द्या म्हणजे झालं. गोची होते ती भाव शुद्ध चांदीचा लावतात आणि मोडीत घालताना 'घट' कापतात तेव्हा. म्हणून टंच, निव्वळ वजन, भाव आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेलं पक्कं बिल घ्या. ओळखीचं दुकान आहे, मागायला लाज वाटते, असं म्हणू नका. मापात कमी देणाऱ्यांवर कुरआनमध्ये एक अख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. ती वाचणाऱ्यांना पावती मागायची कसली लाज?

घरगुती युक्त्यांबद्दलही सांगते. लोहचुंबकाने लोखंड पकडलं जातं. तांबं, पितळ, जर्मन सिल्व्हर यांना चुंबक लागत नाही, म्हणजे तिथे नकलीही पास. बर्फ लवकर वितळतो म्हणतात, पण तांब्यावरही तो तसाच वितळतो. 'आमची चांदी कधीच काळी पडणार नाही' असं कुणी म्हणालं तर उलट जास्त विचारा, कारण खरी चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडतेच. ऱ्होडियमचा थर दिला असेल तर मात्र उशिरा. नायट्रिक ॲसिडचा थेंब सराफाच्या हातीच राहू द्या.

एक प्रयोग मात्र चांगला आहे, आर्किमिडीजचा. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा हवा. आधी कोरडं कडं तोला. समजा 41.5 ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. कडं दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर 4.0 आलं तर 41.5 भागिले 4.0, म्हणजे जवळजवळ 10.4. ही 925 चांदीची घनता. जर्मन सिल्व्हरचं कडं असतं तर काटा 4.8 च्या आसपास गेला असता आणि उत्तर 8.7 च्या जवळ आलं असतं. साठ टंचाचं साधारण 9.8 येतं. कडं भरीव हवं. पोकळ, खड्यांच्या किंवा लाख भरलेल्या दागिन्याला हा हिशेब लागू नाही. खालांच्या सेटमध्ये खडे होते, म्हणून तो मला तोलता आला नाही. अशा वेळी जळगावला हॉलमार्किंग केंद्रात तपासून घेणं बरं. नुसत्या मशीनवर ठेवून दिलेल्या आकड्यावर थांबू नका, ते यंत्र वरवरचा थर वाचतं, जाड मुलामा असेल तर फसतं.

आता जकातीचं. निसाब साडेबावन्न तोळे, पण हा जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, म्हणजे 612.36 ग्रॅम. सराफ आज 10 ग्रॅमला तोळा म्हणतो, त्या हिशेबाने लोक 525 ग्रॅम धरून बसतात. हनफी मसलक असा की दागिन्यात चांदी निम्म्याहून जास्त असेल तर तो चांदीत धरायचा, भेसळ जास्त असेल तर नाही. (कोकणातल्या शाफई घरांत बायकांच्या वापरातल्या दागिन्यांचा मसला वेगळा आहे.) म्हणजे टंच माहीत नसेल तर जकातही नीट निघत नाही. तीच गोष्ट मेहर-ए-फातिमीची, 131 तोळे 3 मासे, सुमारे 1531 ग्रॅम चांदी. तीही जुन्याच तोळ्याने मोजायची.

खालांच्या विक्रेत्याचा नंबर आता बंद लागतो. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि कुरिअरची पावती त्यांच्याकडे होती, ती घेऊन आम्ही ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली आहे. सुनेचा हक्क कसा पुरा करायचा, ते त्यांनी मौलाना साहेबांना विचारलं. धाकट्या मुलाचा निकाह पुढच्या महिन्यात आहे. या वेळी निकाहनाम्यात 'चांदीचा सेट' असं मोघम न लिहिता दागिना, ग्रॅममध्ये वजन, शुद्धता आणि एचयूआयडी क्रमांक लिहायचा, असं दोन्ही घरांनी ठरवलं आहे.