थेरपिस्ट पुण्यात, मूल न्यू जर्सीत

घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि चार वर्षांचं मूल अजून तुटकच बोलतंय. आजी फोनवर सुचवते, ‘आपल्या पुण्यातल्या स्पीच थेरपिस्टकडून ऑनलाइन उपचार करून घ्या की, बोलायचंच तर आहे!’ सल्ला वाईट नाही. त्याला चिकटलेले समज मात्र तपासून घ्यावेत.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असली की जगात कुठेही उपचार करता येतात. नियम सहसा मूल बसलंय त्या ठिकाणचा लागतो. अमेरिकेत राज्यागणिक परवाना वेगळा. मूल सुट्टीत टेक्सासला मावशीकडे गेलं, तर टेक्सासचा नियम बघायचा. काही राज्यांनी आपसांत करार केलाय, पण तो तिथल्याच परवानाधारकांपुरता. ब्रिटनमध्ये ‘स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट’ ही उपाधीच कायद्याने राखीव आहे. ऑस्ट्रेलियात सरकारी नोंदणी नाही, व्यावसायिक संघटना प्रमाणपत्र देते. म्हणून फी विचारण्याआधी परवान्याचं विचारावं.

पडद्यावरची थेरपी म्हणजे दुधाची तहान ताकावर? सरसकट नाही. अडखळत बोलणाऱ्या लहान मुलांसाठी ऑस्ट्रेलियात ‘लिडकम’ पद्धत वापरतात. ती वेबकॅमवरून आणि क्लिनिकमध्ये देऊन तुलना केली गेली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत दोन्हींच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही. यात नवल नाही, कारण या पद्धतीत रोजचा उपचार आईवडीलच घरी करतात आणि थेरपिस्ट त्यांना शिकवतात. श्रवणचाचणी मात्र पडद्यावर होत नाही, आणि उशिरा बोलणाऱ्या मुलाची ती आधी व्हायलाच हवी. ‘हाक मारली की वळून बघतो’ हा पुरावा पुरेसा नाही. थोडं कमी ऐकू येणारं मूलही वळून बघतं.

‘दोन भाषांनी गोंधळतंय, मराठी बंद करा’ हा सल्ला परदेशात अजूनही मिळतो. चीड आणणारा सल्ला! दोन भाषांमुळे भाषादोष होत नाही. खरा दोष असला तर तो दोन्हींत दिसतो. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजावेत. मराठी कानाचा उपयोग इथेच होतो. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे, हे मराठी न जाणणाऱ्या थेरपिस्टला ठाऊक नसेल, तर मुलाचा अचूक उच्चारही चुकीचा ठरायचा. इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर करून तिचे गुण मराठीला लावणंही तसंच चूक.

उच्चार नीट ऐकू यावेत म्हणून व्हिडिओ कॉलमधली गोंगाट गाळणारी सोय बंद ठेवावी, ती कधीकधी ‘स’ आणि ‘श’सुद्धा गाळते.

राहिली वेळ. न्यू जर्सीत शाळा सुटल्यावर चारला बसू म्हणाल, तर पुण्यात उन्हाळ्यात रात्रीचा दीड आणि हिवाळ्यात अडीच वाजलेले. उरते सकाळची सातची वेळ, आणि तेव्हा मूल तोंडात टोस्ट कोंबून ‘फळा’ म्हणायला बसतं.