एका यंत्रांत दोन संसार

यावल येथें आमच्या घरीं संगणक एक आणि त्यावर हक्क सांगणारे नातू दोन. थोरल्यास विंडोज हवी, धाकट्यास लिनक्स. दोन्ही प्रणाली यंत्रांत भरलेल्या होत्या खऱ्या. परंतु एक बंद केल्यावांचून दुसरी उघडत नसे. अखेर दुसरा संगणक घ्यावा, म्हणजे वाटणीच करावी, असा विचार घरांत निघाला. दोघी एकदम कां नांदूं नयेत, हें पाहावें म्हणून आम्हीं थोडा शोध केला. तो वाचकांस सादर करतों.

कार्यप्रणाली ही यंत्राची कारभारीण होय. कळ दाबली, घड्याळाचा ठोका पडला, कीं यंत्र तिला हांक मारतें. या हांकेस इंटरप्ट म्हणतात. नाजूक कामांत असतां ती क्षणभर दार लावून घेते आणि हांका थांबवते. घरांत कारभारणी दोन झाल्या आणि एकीनें दार लावलें, तर दुसरीची निकडीची हांक कोणीं ऐकावी?

यासाठीं दोघींच्या खालीं एक अतिलहान गाभा बसवितात. तो नॅनोकर्नल. नॅनो या शब्दाचें मूळ ग्रीक असून अर्थ बुटका. आम्हांस वामनाचें स्मरण झालें. हा गाभा कारभार पाहत नाहीं. हांका घेऊन त्या क्रमानें पोंचविणें हेंच त्याचें मुख्य काम. वेळ काटेकोर पाळणारा गाभा लिनक्सखालीं घालण्याच्या एका युक्तीवर व्हिक्टर योडायकन यांस १९९९ सालीं अमेरिकेंत पेटंट मिळालें होतें. २००१ सालीं करीम याघमूर यांनीं जुन्या नॅनोकर्नल-संशोधनाच्या आधारें 'अडिओस' हा निराळा आराखडा मांडला. २००२ सालीं फिलिप जेरम यांनीं तो प्रत्यक्षांत उतरविला. पुढें तीच कल्पना 'डवटेल' या नव्या रचनेंत गेली.

अडिओसमध्यें प्रणालींची रांग असते. हांक प्रथम पहिलीस मिळते, मग दुसरीस. एखादीनें दार लावलें तर दार खरोखर बंद होत नाहीं. तिची हांक वहींत टिपून ठेवतात व मागाहून देतात. म्हणून यंत्रमानवाचा हात हलविणारी प्रणाली पुढें आणि लिनक्स मागें बसते. आमच्या एकत्र कुटुंबांत पंक्तीस मुलें आधीं बसत, कारण त्यांची भूक थांबत नसे. थोरांचा मान त्यामुळें उणा होत नसे. त्यांतलाच हा प्रकार.

मात्र अडिओस क्रम राखतो, भिंती बांधीत नाहीं. दोघींनाही सर्व खोल्या मोकळ्या असतात. एकीची चूक साऱ्या घरास भोंवते. शिवाय प्रणालीच्या मूळ लेखनांत फेरफार करावे लागतात. लिनक्सचें लेखन खुलें असल्यानें तें साधतें, विंडोजचें तसें नाहीं.

तेव्हां नातवांच्या भांडणावर हा उपाय नव्हे. त्यांस भिंती हव्यात. त्या व्हर्च्युअल मशीन देतें. आयबीएम कंपनीनें १९७२ सालींच मोठ्या यंत्रांसाठीं तशी सोय जाहीर केली होती. आतां विंडोज लिनक्सच्या पोटांत एका खिडकींत चालते. ती किंचित् मंद आहे, अशी थोरल्याची कुरकूर आहे. पण वाटणीचा विषय घरांत पुन्हा निघालेला नाहीं.