इंटरनेटच्या फोनवरून फॅक्स : ‘ओके’ची पावती नेमकी कोणाची?

कचेरीतील जुनी टेलिफोन लाइन काढून इंटरनेटवर चालणारी फोनव्यवस्था घेतली की बिल कमी येते आणि बोलणेही सुरळीत होते. कोपऱ्यातले फॅक्स मशीन मात्र कुरकुर करू लागते. कधी अर्ध्या पानावरच संपर्क तुटतो, तर कधी पान पोचते पण मधल्या ओळी गायब असतात.

ई-मेलच्या जमान्यात फॅक्स हवाच कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु अमेरिकेतील दवाखाने व औषधविक्रेते आणि जपानमधील कित्येक छोट्या कंपन्या अजूनही फॅक्स वापरतात. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेने जानेवारी २०१९ पासून नव्या फॅक्स मशीनच्या खरेदीवर बंदी घातली आणि जुनी मशीने काढण्यासाठी ३१ मार्च २०२० ही मुदत दिली. दुसरीकडे त्या देशातील जुनी टेलिफोन व्यवस्थाच बंद व्हायची आहे. तिची मुदत २०२४ मध्ये जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. त्यामुळे ज्यांना फॅक्स ठेवायचा आहे, त्यांना तो इंटरनेटवरूनच पाठवावा लागणार.

अडचण कुठे येते?

आज सर्वत्र दिसणारी मशीने ज्या पद्धतीने चालतात, तिचे नियम १९८० मध्ये ठरले. त्या वेळी समोर होती ती अखंड टेलिफोन लाइन. मशीन पानाचे रूपांतर आवाजात करते आणि तो आवाज सेकंदाला १४,४०० बिटे या वेगाने लाइनवर सोडते. इंटरनेटचा फोन मात्र आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे करून ते वेगवेगळे पाठवितो. एखादा तुकडा हरवला तर माणसाच्या कानाला कळतही नाही. फॅक्सच्या दृष्टीने तेवढ्यात २८८ बिटे जातात आणि दोन मशीनांचा ताळमेळ बिघडतो. त्यातच जागा वाचविण्यासाठी आवाज दाबून पाठविला जात असेल, तर फॅक्स जवळजवळ अशक्यच. ‘जी.७२९’ ही पद्धत आवाज सेकंदाला अवघ्या ८,००० बिटांत बसविते. ती बोलण्यासाठी बनली आहे, मशीनच्या सुरांसाठी नव्हे. फॅक्ससाठी ६४,००० बिटांची न दाबलेली ‘जी.७११’ पद्धतच हवी.

यावर खरा तोडगा १९९८ मध्ये निघाला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘टी.३८’ हे मानक मंजूर केले. यात फॅक्सचा आवाज पाठवीतच नाहीत. या टोकाचे उपकरण आवाजातून मूळ माहिती काढून घेते, ती इंटरनेटवरून जाते आणि पलीकडचे उपकरण तिचा पुन्हा आवाज करते. प्रत्येक नव्या तुकड्याबरोबर आधीच्या तुकड्यांची नक्कलही पाठविता येते. त्यामुळे एखादा हरवला तरी काम अडत नाही.

पावतीचा प्रश्न

व्यापाऱ्याला फॅक्सचे मोल वाटते ते त्याच्या पावतीमुळे. पान मिळाल्याचा इशारा पलीकडच्या मशीनने दिला की आपल्याकडे ‘ओके’ छापले जाते. ‘टी.३८’मध्येही हा इशारा पलीकडच्या मशीनकडूनच येतो. परंतु त्याच वर्षी मंजूर झालेल्या ‘टी.३७’ पद्धतीत पान आधी मधल्या यंत्रणेत साठते आणि नंतर ई-मेलने पुढे जाते. तेथे आपल्या मशीनवरचे ‘ओके’ त्या मधल्या यंत्रणेचे असते. माल पोचल्याची सही गिऱ्हाइकाऐवजी हमालानेच करावी, तसा हा प्रकार!

आणखी एक खबरदारी घ्यायला हवी. मशीनमध्ये चूक-दुरुस्तीची सोय असते. ती चालू असली की बिघडलेला भाग पुन्हा मागविला जातो. मात्र लाइन खराब असेल तर यात वेळ जातो आणि फोन तुटतो. म्हणून काही तंत्रज्ञ ती बंद करून देतात. मग फॅक्स जातो खरा, पण दोन-चार ओळी खराब असल्या तरी पलीकडचे मशीन पान स्वीकारून ‘ओके’ देऊ शकते. पत्रात हे चालून जाईल. दरपत्रकात किंवा बिलात नेमकी रकमेची ओळ गेली तर?

नवी फोनव्यवस्था घेताना विक्रेत्याला पुढील गोष्टी जरूर विचाराव्यात :

१) ‘टी.३८’ची सोय फक्त आपल्या उपकरणात आहे, की पुढच्या संपूर्ण मार्गावर आहे? मध्येच एखादी कंपनी ती देत नसेल, तर फॅक्स पुन्हा आवाजाच्या रूपातच जातो.

२) फॅक्सच्या लाइनवर आवाज दाबणे बंद ठेवले आहे काय?

३) पावती पलीकडच्या मशीनची मिळेल, की मधल्या यंत्रणेची?

पाने वारंवार अडकत असतील तर मशीनचा वेग ९,६०० वर आणून पाहावा. पान जायला थोडा जास्त वेळ लागतो, पण ते पोचण्याची शक्यता वाढते. आणि ज्या कागदावर रक्कम, खाते क्रमांक किंवा मालाची संख्या आहे, तो पाठविल्यावर पलीकडे फोन करून आकडे वाचून घ्यावेत. दोन मिनिटांच्या या फोनमुळे पुढची भांडणे टळतात.