वाचता येते, पण उमगते का?
प्रवेशपरीक्षा आणि दुर्लक्षित उतारा

प्रवेशपरीक्षेच्या तयारीविषयी पालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार जाणवते. गणिताला शिकवणी असते, विज्ञानाला असते, बुद्धिमत्ता चाचणीची पुस्तके गोंदिया-नागपूरहून मागवली जातात. 'उताऱ्यांचा सराव कोण घेते?' असे विचारले, की उत्तर ठरलेले : ‘‘त्यात काय करायचे? वाचता तर येते.’’ आजच्या विषयाचे मूळ या एका वाक्यात आहे.

आधी उताऱ्याचे वजन किती ते पाहू. आपल्या जिल्ह्यात सर्वांच्या ओळखीची परीक्षा म्हणजे नवोदय. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये १९८५-८६ मध्ये हरियाणात झज्जरला आणि आपल्या वऱ्हाडात अमरावतीला निघाली. आपले वारासिवनीला आहे. सहावीच्या प्रवेशाची परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची, १०० गुणांची. त्यात मानसिक क्षमतेला ५० गुण, अंकगणिताला २५ आणि भाषेला २५. भाषेच्या भागात व्याकरण नाही, निबंध नाही. चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न, एवढेच. म्हणजे अंकगणिताला जितके गुण तितकेच उताऱ्याला. आणि ही परीक्षा मुलाला जन्मात एकदाच देता येते. पाचवीत हुकली ती हुकली. तरीही तयारीचे तास मोजले, तर गणिताला वर्ष आणि उताऱ्याला शेवटचा आठवडा, असा हिशेब बहुतेक घरांत निघेल.

पुढच्या परीक्षांतही हेच. कायद्याच्या प्रवेशाची क्लॅट २०२० पासून पूर्णपणे उताऱ्यांवर बेतलेली आहे. आज तिच्या १२० प्रश्नांतला प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या उताऱ्यातून, आकडेवारीतून निघतो. व्यवस्थापनाच्या कॅटमध्ये २०२४ साली भाषेच्या विभागात २४ प्रश्न होते, त्यांतले १६ उताऱ्यांवरचे. नीटमध्ये उतारा नाही, असे कोणी म्हणेल. पण तिथे तो वेश बदलून येतो. 'पुढीलपैकी अयोग्य विधान निवडा', 'विधान आणि कारण दोन्ही बरोबर, पण कारण हे विधानाचे स्पष्टीकरण नाही' अशी वाक्ये घाईत वाचणाऱ्याला फसवतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. धडा पाठ असून प्रश्न चुकला, तर पाच गुणांचे अंतर पडते. आता बीएचएमएसचे दारही नीटमधूनच उघडते, म्हणून आमच्या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

मग दुर्लक्ष का होते? पहिले कारण असे, की वाचन हा 'विषय' वाटत नाही. त्याला धडे नाहीत, सूत्रे नाहीत, 'झाले' म्हणून खूण करायला अनुक्रमणिका नाही. दुसरे, त्याची प्रगती दिसत नाही. लसावि शिकला, की संध्याकाळी दहा गणिते बरोबर येतात. वाचनाचे तसे नाही; ते अंगी लागायला महिने जातात. शिकवणीवाल्यालाही जे मोजून दाखवता येते तेच शिकवणे सोयीचे. तिसरे कारण घरातले. मूल गणित सोडवत बसले तर अभ्यास करते; गोष्टीचे पुस्तक घेऊन बसले, तर 'आधी अभ्यास कर' म्हणून आपणच ते हातातून काढून घेतो.

चौथे कारण सर्वांत फसवे : उताऱ्यातली चूक चूक वाटतच नाही. गणित चुकले की रीत चुकली हे कळते. उताऱ्यात चुकले की मूल म्हणते, 'दोन पर्यायांत घोटाळा झाला', आणि आपण ते नशिबावर ढकलतो. एक उदाहरण घेऊ.

'गावाच्या तळ्यात पूर्वी बारा महिने पाणी असे. शेते विहिरींवर भिजू लागली, तसे लोकांनी तळ्यातला गाळ काढणे सोडले. तळे उथळ झाले. पाऊस आजही पूर्वीइतकाच पडतो, पण चैत्रातच तळे कोरडे पडते.'

प्रश्न : तळे लवकर का आटते? पर्याय : पाऊस कमी झाला, विहिरींनी पाणी ओढले, गाळ साचून तळे उथळ झाले, गावाची वस्ती वाढली.

'पाऊस कमी झाला' हे मुलाने वर्तमानपत्रात, बातम्यांत शंभरदा ऐकलेले असते. उताऱ्यात ते स्पष्ट नाकारले आहे, तरी हात तिकडेच जातो. विहिरींचा पर्याय त्याहून चतुर. विहीर हा शब्द उताऱ्यात आहे आणि जगात तसे घडतेही. पण इथे विहिरींनी तळ्याचे पाणी ओढले असे लिहिलेले नाही. विहिरींमुळे लोकांचे लक्ष तळ्यावरून उडाले, एवढेच लिहिले आहे. बरोबर उत्तर तिसरे. दोन्ही चुकांचे मूळ एकच : लिहिलेले वाचण्याऐवजी मनातले वाचणे.

होमिओपॅथीत आम्हाला हाच धडा पहिल्या वर्षी मिळतो. हानेमानच्या १८१० साली निघालेल्या 'ऑर्गनन' ग्रंथाचा दंडक आहे, की रोग्याला मध्ये तोडू नये आणि उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत. औषध आधी ठरवून लक्षणे ऐकली, तर हवी तीच ऐकू येतात. उताऱ्याचेही तेच. आमच्या जैन परंपरेत तत्त्वार्थसूत्राने स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. वाचल्यावर विचारणे, मग चिंतन, मग उजळणी, मग दुसऱ्याला सांगणे. नुसती वाचना म्हणजे पाचातला एक भाग. आपली मुले तिथेच थांबतात.

बालाघाटच्या मराठी घरांची एक अडचण निराळी आहे. १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आपण मध्य प्रदेशात राहिलो. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुढे पुस्तके इंग्रजी. लिपी एक असल्याने फसगत सोपी होते. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीत 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, आपल्याकडे थट्टा. कायद्याच्या बातमीतले 'संशोधन' म्हणजे दुरुस्ती, आपल्याकडे नवा शोध. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा वाक्यात शब्द काय काम करतो, हे पाहण्याची सवय अधिक उपयोगी. ती सवय मराठीत लागली, तर हिंदी-इंग्रजीतही सोबत येते. कारण 'पण', 'तरी', 'म्हणून' यांवर वाक्य कसे वळते हे एकदा कळले, की भाषा बदलली तरी वळण ओळखू येते.

उपाय महागडे नाहीत. रोज दहा-पंधरा मिनिटे एक परिच्छेद मोठ्याने वाचावा. मग पुस्तक मिटून 'याला काय म्हणायचे आहे?' हे मुलाने एका वाक्यात सांगावे. प्रत्येक उत्तराला 'कुठल्या ओळीत आहे?' असे विचारून बोट ठेवायला लावावे; बोट ठेवता आले नाही, तर उत्तर बरोबर असले तरी तो अंदाज समजावा. चुकांची वही करावी आणि चूक कशाने झाली ते लिहावे : 'नाही' सुटले, 'तो' कोणासाठी आला ते कळले नाही, मनातले उत्तर दिले, की उताऱ्यापेक्षा मोठे विधान निवडले. महिनाभरात मुलाची खोड कोणती ते वहीच सांगते. घड्याळ लावायचे ते त्यानंतर.

हे काम आजी-आजोबांना सर्वांत चांगले जमेल. त्यांच्याकडे वेळ आहे आणि मराठी शाबूत आहे. संध्याकाळी नातवाला जवळ बसवून म्हणावे, ‘‘चष्मा सापडत नाही रे, एवढे वाचून दाखव आणि काय लिहिलेय ते समजावून सांग.’’ परीक्षेचे नावही काढू नये. त्याला समजावून सांगता आले, तर तयारी होते आहे असे खुशाल समजावे.